सगळ्या आवाजांचा रविवार

मांगेरे, ऑकलंड
ईस्टरनंतरचा गुरुवार

प्रिय आई,

लेसिएलीकाकूंची बहीण मंगळवारच्या विमानाने तिकडे, आपल्या बेटावर येते आहे. तिच्याजवळ हे पत्र आणि एक खोकं देतो आहे. खोक्यात साबण आहे, तुझ्या चष्म्याला गळ्यात अडकवायची दोरी आहे, आणि सेलाने तिच्या दुकानातून निवडलेल्या चपला आहेत. चपला मोठ्या वाटल्या तर कोणाला देऊन टाकू नकोस, इकडे बदलून मिळतात. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुला फोन घ्यायला फिफितामावशीच्या दारात जावं लागतं आणि तिथे निम्मं गाव कान लावून बसलेलं असतं. शिवाय जे सांगायचं आहे ते मला बोलून नीट जमणार नाही. लिहिताना निदान खोडता येतं.

मागच्या वेळी फोनवर मी म्हणालो, आता कायमची इकडेच ये, तर तू म्हणालीस, "जिथे रविवारी दुकान उघडतं, तिथे देव कुठल्या दिवशी टेकतो रे?" तुझ्यामागे सगळे हसले, मीही हसलो. मग तू हळू आवाजात म्हणालीस, "मला एक रविवार दाखव, मी त्याच दिवशी चटई गुंडाळते." मी गप्प बसलो. तुला वाटलं असेल की मला राग आला. राग नव्हता आला. दाखवायला माझ्याकडे रविवार नव्हता, एवढंच. आता आहे. एकच आहे, पण तो मी डोळ्यांनी पाहिला आणि कानांनी ऐकला. जसा झाला तसा सांगतो, मग तू ठरव.

आधी इथलं काम कसं चालतं ते सांगायला हवं, कारण ते तुला अर्धवटच माहीत आहे आणि तो दोष माझा नाही, ते सांगण्यासारखंच नाही. कोणाला कधी कामावर यायचं याचा तक्ता दर गुरुवारी दुपारी फोनवर येतो. किती गिऱ्हाइकं येतील याचा अंदाज संगणक बांधतो आणि त्यावर माणसं वाटतो. मग मोरीनबाई, म्हणजे तक्त्याचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या बाई, संगणकाने घातलेले घोळ निस्तरतात. एका आठवड्यात मी उजाडायच्या आत पाव आणि दूध लावायला जातो, दुसऱ्या आठवड्यात दुपारी जातो आणि दुकान बंद करून येतो, तिसऱ्यात दोन्हीची मिसळ. तिथे तुला ओहोटी कधी लागणार ते चंद्र बघून कळतं. मला माझं जेवण कधी होणार ते गुरुवारशिवाय कळत नाही. आणि रविवार तर सगळ्यात गर्दीचा दिवस. प्रार्थनेला निघालेली माणसंही वाटेत नारळाचं दूध घ्यायला आमच्याकडेच येतात. आपलेच लोक असतात. चांगले कपडे, प्रार्थनेसाठी कमरेला बांधलेली चटई, आणि मी काउंटरमागे एप्रन बांधून. मान खाली घालून आभाराचं "मालो" म्हणतात आणि सुटे पैसे न मोजता निघून जातात.

सेलाचं चपलांचं दुकान मोठ्या बाजारात आहे, तिचा तक्ता वेगळा. आमची भेट बऱ्याचदा बसथांब्यावर होते. ती उतरते, मी चढतो. डबा माझ्या हातात येतो, किल्ली तिच्या हातात जाते. याला संसार म्हणायचं का, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "बस वेळेवर आली तर म्हणायचं."

आता गाण्याचं. आमच्या चर्चचा गानवृंद तोमासीकाका चालवतात. ते आपल्याकडच्या वावाऊ बेटांवरचे, आमच्याच दुकानात मांस कापायच्या विभागात आहेत. सकाळची पाळी त्यांची कायमची, कारण मांस पहाटे कापावं लागतं. बोटं जाड, आवाज त्याहून जाड, आणि एप्रनच्या खिशात सुऱ्यांना धार लावायच्या कांडीशेजारी सूर लावायचा चिमटा. वृंदातले बहुतेक लोक याच दुकानात आहेत, थोडे आजूबाजूच्या दुकानांत. म्हणजे सगळ्यांचे तक्ते निरनिराळे. मी वृंदात आलो तेव्हापासून एकाही तालमीला सगळे एकत्र आलेले मी पाहिले नव्हते. रविवारी प्रार्थनेला जेवढे मोकळे तेवढे गायचे. कधी खालचा आवाज नाही, कधी वरचा नाही. एकदा तर मधल्या आवाजात एकट्या लेसिएलीकाकू होत्या आणि त्यांना सर्दी झाली होती.

पण इथे एक कायदा आहे. ईस्टरच्या रविवारी दुकानं बंद ठेवावीच लागतात. नाताळ रविवारी आला तर गोष्ट वेगळी, नाहीतर अख्ख्या वर्षात हा एकच रविवार, ज्या दिवशी आम्ही सगळेच्या सगळे मोकळे. तोमासीकाकांनी उन्हाळा संपता संपता जाहीर केलं की यंदा ईस्टरला ते मोठं गाणं म्हणायचं. तुला माहीत आहे ते. आपल्या गावात तुम्ही म्हणायचात ते, तीन आवाजांचं, ज्यात शेवटाकडे मधला आवाज एकटाच वर चढतो आणि बाकीचे खाली वाट बघतात. तू ते चढताना डोळे मिटायचीस. मी तुझ्या पायाशी बसलेला असायचो आणि मला वाटायचं, आता ही पडणार.

सगळे म्हणाले, एकत्र तालीम नाही तर ते गाणं कसं होणार? तोमासीकाका म्हणाले, "मेजवानी आपण एकत्र खातो, पण आणतो घराघरांतून तुकड्यातुकड्यानेच ना? तुम्ही आपापला तुकडा आणा." मग ते माझ्याकडे वळले. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी चुकायला घाबरतो, म्हणून प्रत्येक आवाजाचे आकडे लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. आपले गाण्याचे आकडे, एकेका सुराला एकेक, तीनपासून सुरू होणारे, जे तू मला बाराखडीच्याही आधी शिकवलेस. शाळा माझी मध्येच सुटली, पण ते आकडे सुटले नाहीत. मालाची मोठी खोकी मी सपाट केली, त्यांच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने एकेका आवाजाचे आकडे लिहिले आणि मागच्या बाजूला, जिथे मालाच्या गाड्या लागतात, तिथल्या भिंतीला टांगले. ज्याला जेव्हा विश्रांती मिळेल तेव्हा त्याने तिथे जायचं, चहा प्यायचा आणि आपला आवाज पाठ करायचा. जो कोणी भेटेल त्याच्याबरोबर म्हणायचं. कोणी नसेल तर एकट्याने.

आई, त्या आठवड्यांत मी जे पाहिलं ते सांगताना मला अजून नीट शब्द सापडत नाहीत. लेसिएलीकाकू काउंटरवर बसून डबे सरकवायच्या, यंत्र टिक टिक करायचं आणि त्या टिकटिकीवर त्या ओठ न हलवता मधला आवाज म्हणायच्या. गिऱ्हाईक विचारायचं, "काही म्हणालात?" त्या म्हणायच्या, "नाही हो, माझं पोट बोलतंय." बाहेर सोनातानेदादा सामानाच्या ढकलगाड्यांची लांबलचक रांग ढकलत खालचा आवाज म्हणायचा आणि चाकांचा खडखडाट त्याला ठेका द्यायचा. बेकरीतल्या दोन बहिणी वरचा आवाज म्हणायच्या, पण भट्टीचा पंखा सुरू असला की एकीचं दुसरीला ऐकू जायचं नाही, म्हणून पिठाने पांढरे झालेले हात हलवून एकमेकींना सूर दाखवायच्या. एके दिवशी मी साखरेची पाकिटं लावत होतो आणि एकाएकी माझ्या ध्यानात आलं की ते गाणं दुकानभर पसरलेलं आहे. काउंटरवर थोडं, भट्टीपाशी थोडं, थंड खोलीत तोमासीकाकांच्या सुरीखाली थोडं, बाहेर गाड्यांमध्ये थोडं. गिऱ्हाइकं त्या गाण्याच्या आतून चालत होती आणि कोणालाच पत्ता नव्हता. मला पाकीट हातात धरून तसंच उभं राहावंसं वाटलं. मग कोणीतरी विचारलं, टोमॅटोचे डबे कुठे आहेत.

बसथांब्यावरही हेच चालायचं. सेला वरच्या आवाजात, मी खालच्या. ती उतरताना दोन ओळी म्हणायची, मी चढताना माझ्या दोन ओळी त्याखाली धरायचो, एक पाय बसमध्ये आणि एक बाहेर. फाले म्हणून सामोआचा ड्रायव्हर आहे, तो पहिल्यांदा वैतागला. नंतर दार उघडं ठेवून थांबायला लागला. म्हणायचा, "राजा-राणी, मागे गाड्यांची रांग लागली आहे. ते 'आमेन' तेवढं उरका."

एक फजितीही झाली. दुकानात रिकामी खोकी दाबून गठ्ठे बांधायचं यंत्र आहे. तिथे हरप्रीत म्हणून पंजाबचा माणूस काम करतो, फार टापटिपीचा. त्याने एका संध्याकाळी मधल्या आवाजाचे सगळे पुठ्ठे भिंतीवरून काढले आणि यंत्रात घालून दाबले. लेसिएलीकाकू चहा घेऊन गेल्या तर भिंत मोकळी. हरप्रीत बिचारा पांढरा पडला. म्हणाला, "काकू, मला वाटलं मालाचे नंबर आहेत. तीन-पाच-पाच-सात, असले नंबर रोजच येतात की." लेसिएलीकाकू म्हणाल्या, "माल नाही रे बाबा, माझा गळा दाबलास तू." त्याने स्वतः तारा कापून गठ्ठा फोडला आणि आम्ही दोघांनी बिस्किटांच्या आणि साबणाच्या पुठ्ठ्यांतून ते तुकडे वेचले. चुरगळले होते, पण आकडे वाचता येत होते. मी पुन्हा लिहायला बसलो तर तो शेजारी बसला आणि विचारत राहिला, हा आकडा म्हणजे केवढा उंच, तो केवढा खोल. त्याच्या गावात तो गुरुद्वारात, त्यांच्या देवळात, बाजा वाजवायचा म्हणाला, पेटीसारखा. जाताना त्याने मधल्या आवाजाची पहिली ओळ बरोबर म्हणून दाखवली. काकू म्हणाल्या, "चला, सर्दी झाली तर बदली सापडला."

मला मात्र एक काळजी लागली होती. माझ्या पाळ्या बदलत असल्यामुळे मी कधी सकाळच्या लोकांबरोबर म्हणायचो, कधी संध्याकाळच्या. सकाळचे लोक दुकान उघडायच्या आत, थंडीत, गाड्यांच्या आवारात तोमासीकाकांसमोर उभं राहून म्हणायचे आणि हजेरी लावायला पळायचं असल्यामुळे भरभर म्हणायचे. संध्याकाळच्यांना लेसिएलीकाकू शिकवायच्या. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, बस यायला वेळ, त्यामुळे ते सावकाश, ओढून म्हणायचे. दोन्हीकडे सूर बरोबर होता, पण एकीकडे मला धाप लागायची आणि दुसरीकडे श्वास उरायचा. आधी वाटलं माझंच चुकतंय. शेवटी मी तोमासीकाकांना सांगितलं की संध्याकाळचे लोक फार हळू म्हणतात. ते मांसावरची सुरी न थांबवता म्हणाले, "संध्याकाळी माणूस हळूच असतो. सूर ठीक आहे ना? मग तू झोपत जा जरा. तुझ्या कपाळावर आहेत तेवढ्या आठ्या बटाट्याच्या पोत्यावरही नसतात."

ईस्टरआधीच्या शुक्रवारी, म्हणजे येशू वधस्तंभावर गेला त्या दिवशीही दुकान बंद होतं आणि सगळे चर्चमध्ये आपापल्या घरच्यांबरोबर बाकांवर होते. मी धीर करून म्हणालो, आज एकदा तरी सगळे मिळून म्हणून बघू. तोमासीकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्र बोललो. म्हणाले, "मेलेल्याच्या उशाशी बसून बारशाचं गाणं म्हणतात का? ते रविवारचं आहे, रविवारीच तोंडातून निघेल." तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस. शनिवारी दुकान उघडं आणि गर्दी एवढी की पाव दोनदा संपला. म्हणजे रविवार उजाडला तेव्हा या वृंदाकडून ते गाणं अख्खं कोणीच कधी ऐकलेलं नव्हतं. म्हणणाऱ्यांनीसुद्धा नाही.

तू विणलेली चटई मी कमरेला बांधली. चर्चमध्ये जाऊन बघतो तर बाकं भरलेली, आणि वृंदाच्या जागेत माणसं मावत नव्हती, कारण सगळे एकदम येतील याची त्या जागेलाच सवय नव्हती. बेकरीतल्या बहिणी गाताना पहिल्यांदाच पीठ न लागलेल्या दिसल्या. सोनातानेदादाला हात कुठे ठेवावेत ते कळेना, ढकलायला काही नव्हतं. कितीतरी लोक एकमेकांना भेटून म्हणत होते, "अरे, तूही आमच्यातच आहेस होय?" एकाच दुकानात, एकाच वृंदात असून पाळ्यांमुळे ते गायला कधी एकत्र उभेच राहिले नव्हते. अगदी मागच्या बाकावर हरप्रीत बसला होता, स्वच्छ निळी पगडी बांधून, पुठ्ठ्याचा एक तुकडा गुडघ्यावर ठेवून.

तोमासीकाकांनी चिमटा बाकावर आपटला, कानाशी धरला, हात उचलला. आणि आई, पहिल्याच कडव्यात ते झालं ज्याला मी घाबरत होतो. सकाळचे लोक पुढे पळाले. संध्याकाळचे मागे राहिले. एका दोरीला बांधलेल्या दोन होड्या, एकीचं शीड वाऱ्यात आणि दुसरीचं नाही, तसं झालं. वरचा आवाज ओळ संपवून उभा, मधला अजून अर्ध्या वाटेवर. बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला तुझी आठवण झाली, खरं सांगतो, आणि वाटलं, बरं झालं ही इथे नाही.

कडवं कसंबसं संपलं. तोमासीकाका आता रागाने हात आपटतील असं मला वाटलं. त्यांनी हात खाली केले. दोन्ही हात कमरेच्या चटईवर ठेवले, डोळे मिटले आणि नुसते उभे राहिले. ठेका देईनात, खूण करीनात. आम्ही वाट बघत राहिलो. सगळं चर्च गप्प. आणि त्या गप्प राहण्यात मला शेजारच्याचा श्वास ऐकू आला. मग त्याच्या शेजारच्याचा. सकाळच्यांचा श्वास लांब होत गेला, संध्याकाळच्यांचा जरा हलका झाला, आणि एका क्षणी सगळ्या माणसांनी मिळून एकच श्वास घेतला. कोणी सांगितलं नाही, कोणी हात हलवला नाही. दुसरं कडवं सुरू झालं ते सकाळचंही नव्हतं आणि संध्याकाळचंही नव्हतं.

ते कसं होतं हे तुला सांगायची गरज नाही, तू ते आतून म्हटलेलं आहेस. पण मी आजवर फक्त माझे खालचे आकडे म्हटले होते. एकटे म्हटले की ते खुळ्यासारखे वाटतात, तीन, तीन, तीन, सात, तीन, जसा कोणी दार ठोठावतोय. ते दार कशाचं आहे ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या त्या एका सुरावर सेलाचा सूर उभा होता, आणि त्या दोघांच्या मध्ये काकूंचा, आणि त्या मधल्या जागेत माझ्या ओळखीची सगळी दमलेली माणसं उभी होती. भट्टीपुढची, थंड खोलीतली, आवारातली. मी ज्यांना फक्त "चाललो", "आलो", "बस गेली का" एवढंच बोलताना ऐकलं होतं ती माणसं आतून एवढी मोठी आहेत हे मला माहीतच नव्हतं. छताचे पत्रे थरथरत होते. वरून विमानतळाकडे विमान गेलं आणि ते ऐकू आलं नाही. शेवटाकडे मधला आवाज एकटा वर चढला, आणि काकूंनी, ज्या दिवसभर पोट बोलतंय म्हणून विनोद करतात, डोळे मिटले.

मी म्हणायचा थांबलो होतो. मला ते कळलंही नाही. माझे आकडे आले आणि गेले, सोनातानेदादाने ते एकट्याने ओढून नेले. नंतर बाहेर लू, पानात बांधून भाजलेलं मांस, खाताना तोमासीकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढे पुठ्ठे रंगवलेस आणि ऐन वेळी पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तोंड उघडून उभा राहिलास." सगळे हसले. मग त्यांनीच माझ्या पानात आणखी एक लू ठेवली.

तर हा तो रविवार, आई. तू विचारलं होतंस देव कुठल्या दिवशी टेकतो. त्या दिवशी टेकला होता. पण लगेच सोमवारी संगणक नेहमीसारखा सुरू झाला, आणि काम करताना मला सारखं वाटत होतं की वर्षभर आता हे तुकड्यांमध्येच राहणार. मंगळवारी मोरीनबाईंनी मला वरच्या खोलीत बोलावलं. त्या निवृत्त होत आहेत. मी अधूनमधून त्यांना तक्त्यातल्या चुका दाखवायचो, एकाच माणसाला रात्री उशिरा आणि लगेच पहाटे लावलेलं असायचं, तसल्या. त्या म्हणाल्या, "तुला चुका दिसतात. हा एक आजार आहे. मला त्याचा पगार मिळत होता, आता तू घे." म्हणजे पुढे सगळ्या दुकानाचा तक्ता मी बघायचा. कोणी कधी यायचं ते मी ठरवायचं. मॅनेजर हो म्हणाले आहेत.

मला भीतीच वाटली. कारण रविवारी दुकानाला माणसं लागतातच, आणि रविवार फक्त आपल्या लोकांना असतो असं नाही. हरप्रीतच्या मुलाचा खेळ असतो, दुकानातल्याच मिंगबाईंची आई रविवारीच रुग्णालयात एकटी असते. मी तो तक्ता पुढे घेऊन बसलो आणि रविवारी जिथे जिथे वृंदातल्या माणसाचं नाव घातलं तिथे तिथे मला एक सूर गेलेला ऐकू आला. सगळ्यांना मोकळं करणं शक्य नाही. पण दर रविवारी तिन्ही आवाजांचं निदान एकेक माणूस चर्चमध्ये असावं, आणि ते करताना दुसऱ्या कोणाचा रविवार आपण खाऊ नये, एवढं तरी जमतं का हे मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी एक माणूस कमी पडायचं. शेवटी त्या जागी एक नाव लिहिलं आणि सेलाला दाखवलं. ती चिडली, उठून भांडी घासून आली. मग म्हणाली, "ठीक आहे. मला सुट्टी मिळेल त्या रविवारी मी आवाज मोठा काढीन, म्हणजे तुला पोहोचेल."

पहिला तक्ता आज दुपारी गेला, या वेळी अख्ख्या महिन्याचा. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. लेसिएलीकाकू फोन घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुझं नाव दर रविवारी चुकून पडलंय. बदल ते." मी म्हणालो, चुकून नाही. आता हे त्या बहिणीला सांगणार, बहीण गावात सांगणार, आणि फिफितामावशीच्या दारात तुला कळणार की मेलेनाइतेचा मुलगा, तुझा कितिओने, आता दर रविवारी कामावर असतो. ते तिच्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. आपलं चर्च दुकानाच्या मागच्याच गल्लीत आहे, मालाच्या गाड्या लागतात त्या दारासमोर. प्रार्थनेच्या वेळी पावाची गाडी येते, ती मी उतरवून घेईन. वृंदात उभं राहिलं की शेजारच्याचाच आवाज ऐकू येतो, पावाच्या गाडीपासून मला सगळाच वृंद ऐकू येईल. मधल्या आवाजात अजून एक माणूस कमी आहे. तू आलीस तर मी तुला पायरीपर्यंत सोडीन आणि गल्ली ओलांडून कामाला जाईन. तू फक्त आत गेल्यावर दार लावू देऊ नकोस.

तुझाच,
कितिओने